आतोबांनी न वाचलेला रकाना

माझ्या आतोबांनी उभ्या आयुष्यात एक अक्षर कधी मनातल्या मनात वाचलं नाही. डोळ्याला अक्षर दिसलं की ते तोंडावाटे बाहेर पडलंच पाहिजे, आणि तेही आसपासच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा बेतानं! साबणाचा कागद, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, भजी बांधून आलेला पेपरचा तुकडा, काहीही चालायचं. तुकड्यावर बातमी अर्धीच असली तर ‘आता त्या चोराचं पुढं काय झालं आसंल?’ म्हणून हळहळत बसायचे आणि भजी गार करायचे. एकदा एसटीनं गंगाखेडला जाताना मी त्यांच्या शेजारी बसले होते. दुपारची वेळ, अख्खी गाडी पेंगत होती. आतोबांनी तिकिटाची मागची बाजू वाचली, समोरची पाटी वाचली, मग मान वळवून खणखणीत आवाजात म्हणाले, ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग!’ मागच्या बाकावर घोंगडं पांघरून झोपलेले एक मेंढरंवाले आजोबा ताडकन उठले. ‘कुठं हाय संकट? काय झालं?’ करत त्यांनी गठुडं उचललं नि दाराकडं धूम ठोकली. त्यांच्यामागं चार बाया, बायांमागं पोरंबाळं. कंडक्टरनं घंटी ओढून गाडी थांबवली आणि आतोबांकडं असं काही बघितलं की मीच ओशाळले. आतोबा शांत. म्हणाले, ‘लिव्हलंय ते वाचलं. माझ्या पदरचा एक शब्द न्हाई.’

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. नोकरीनं तलाठी, पण गावातली म्हातारी माणसं जुन्या सवयीनं त्यांना पटवारीच म्हणत. पोखर्णीच्या अलीकडं त्यांचं गाव. त्या गावच्या शाळेवर मला नोकरी लागली, म्हणून मी त्यांच्या घरी राहायला गेले, आणि पहिल्याच आठवड्यात आत्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘पोरी, तुझी पत्रं आली की टपालवाल्याच्या हातनंच घेत जा बरं. ह्यांच्या हाती लागली की गल्लीला पाठ.’ हे मात्र तिनं उगाच सांगितलं होतं. बंद पाकिटाला आतोबांनी कधी हात लावला नाही. पाकिटावरचा पत्ता तेवढा शिक्क्यासकट वाचून दाखवायचे, आणि माझ्या हातात द्यायचे.

गावात लग्न असलं की आहेर पुकारायला माइकवर आतोबाच लागत. आपल्याकडं ‘अमक्याकडून एक पातेलं’ म्हटलं की संपतं. आतोबा पातेलं उलटंसुलटं करून बघायचे आणि मग पुकारायचे, ‘एक पातेलं, पितळी, बुडाला पोचा, आतून कल्हई न्हाई!’ मांडवभर हशा. त्या पातेल्याचा मालक वर्षभर आत्याच्या दारावरून तोंड फिरवून जायचा. पण एक झालं, आमच्या गावात पोचे आलेली भांडी आहेरात यायची बंद झाली. आत्या कपाळावर हात मारून म्हणायची, ‘काय मेली जीभ म्हणावी! झाकून ठेवणं म्हणून काही हाय का न्हाई?’

असल्या माणसाला सरकारनं त्याचं व्यसनच पगारी करून दिलं होतं! नियम असा, की कुणाच्या नावावर किती जमीन, विहिरीत कुणाचा हिस्सा, वारस म्हणून कोण लागलं, हे सगळं चावडीवर गावासमोर मोठ्यानं वाचायचं, कुणाची हरकत असेल तर ती लिहून घ्यायची, आणि वाचन झाल्याचा अहवाल तालुक्याला पाठवायचा. बाकीचे काही तलाठी घरी बसून पान लावता लावता ‘वाचन झाले, हरकत नाही’ एवढं लिहून अहवाल रवाना करत, असं आतोबाच सांगत. आमच्याकडं मात्र चावडीवाचन म्हणजे जत्रा! सकाळी कोतवाल दवंडी देऊन यायचा, दुपारपर्यंत माणसं बूड टेकायला जागा धरायची, बाया मागच्या ओट्यावर, आणि आतोबा धुतलेलं धोतर नेसून, घसा खाकरून उभे. ‘ह्ये कागद सरकारच्या कपाटात ऱ्हातेत म्हणून सरकारचे न्हाईत. तुमचे हायत. कान द्या!’ मग जे सुरू व्हायचं! गट नंबर, चतुःसीमा, शिक्का गोल, सही अस्पष्ट, काही म्हणून सुटायचं नाही. एका वर्षी बांधावरचं आंब्याचं झाड दोघा भावांचं सामाईक आहे, असं त्यांनी वाचलं मात्र, धाकट्याची बायको मागच्या ओट्यावर उभी राहिली. ‘आन् मग इतक्या वर्सांचं लोणचं कुणाच्या घरी गेलं?’ चावडी दणाणली! थोरला खाली मान घालून बसला, आणि दिवेलागणीला लोणच्याची भरलेली बरणी धाकट्याच्या घरी पोचती झाली. मी शाळा सुटली की पळत जायची वाचन ऐकायला. तसला आनंद मला सिनेमातसुद्धा मिळाला नाही.

आणि अहवाल! अहवालावर तर त्यांचा जीव. काय वाचलं, काय वाचलं नाही, कुणी काय विचारलं, कुणाला काय नाकारलं आणि का, असा तक्ता त्यांनी स्वतःच आखला होता. वरून तसं कुणी मागितलं नव्हतं. विद्यापीठाच्या नामांतराच्या दिवसांत वरचेवर एसट्या बंद असायच्या, तर हा माणूस अहवालाची मुदत हुकू नये म्हणून सायकल हाणत परभणीच्या तहसिलात गेला आणि संध्याकाळी धुळीनं पांढरा होऊन, पोचपावती नाचवत परत आला. घरीसुद्धा तेच. बाजारातून आले की दारातूनच, ‘वांगी आणली. कोथिंबीर आणली न्हाई. कारण, सडकी व्हती.’ आत्या म्हणायची, ‘नवरा घरी आला की तालुक्याचं टपाल आलं, हेच कळंना मला!’

असं सगळं मजेत चाललेलं असताना एके दिवशी निराधारांच्या पगाराची यादी आली. ज्यांना कुणाचा आधार नाही अशांना सरकार महिन्याला काहीतरी देतं, ती यादी. सोबत हुकूम, की यादी गावात संपूर्ण वाचावी, हरकती घ्याव्यात, अहवाल पाठवावा. यादीत नावापुढं एक रकाना होता, कारणाचा. कोण कशामुळं निराधार झालं, ते. गावाला हे कळायचा अवकाश, जो तो तयारीला लागला. आता कळंल कुणाच्या घरात काय शिजतं ते! पिठाच्या गिरणीचा मालक तर दळण टाकायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला लागला, ‘पटवारी एक शब्द गाळत न्हाईत. या आपले ऐकायला!’ गिरणीच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळं त्याचं साधं बोलणंही शिवेपर्यंत ऐकू जायचं.

वाचनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी गिरजाबाई आमच्याकडं आली. शेळ्या राखणारी, रोजानं खुरपायला जाणारी बाई. कधी नाही ती मागच्या दारानं आली आणि चुलीपाशी बसून रडायला लागली. तिचंही नाव यादीत होतं. अर्जात खरं लिहावं लागतं म्हणून तिनं कारण खरं लिहिलं होतं, आणि ते आतोबांशिवाय गावात कुणाला माहीत नव्हतं. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं, आणि नवरामुलगा कोण, तर त्या गिरणीवाल्याचा भाचा. ‘आक्का, उद्या त्यो फुडंच बसणार. त्यानं ऐकलं की सोयरीक मोडली बघा. दादांना सांगा, माझं नाव खोडलं तरी चालंल, पर तेवढं वाचू नका म्हणावं.’ ते कारण तिनं आम्हा दोघींना सांगितलं. मी ते इथं लिहिणार नाही. तुम्हाला राग आला तरी चालेल.

आत्यानं आतोबांना सांगितलं. आधी रागानं, मग हात जोडून. आतोबांचं एकच, ‘वाचन म्हंजे संपूर्ण वाचन. वळ गाळली तर अहवालात काय लिव्हू? आजवर खोटा अहवाल धाडला न्हाई म्या.’ आत्या तरातरा आत निघून गेली. त्या संध्याकाळी मी त्यांना नीट पाहिलं. आत्यानं दुकानातून आणलेली गुळाची पुडी त्यांच्यासमोर सोडली, कागदावर मोठाल्या अक्षरातली जाहिरात होती, आणि आतोबांनी ती वाचली नाही. कागद चुरगाळून चुलीत टाकला. एवढी मोठी जाहिरात, आणि अक्षर नाही!

दुसऱ्या दिवशी चावडी फुलून गेली होती. गिरणीवाला पहिल्या रांगेत, मांडी ठोकून. गिरजाबाई अगदी मागं, पदर तोंडात धरून. मी आणि आत्या तिच्या दोन्ही बाजूंना. आतोबा उभे राहिले, घसा खाकरला आणि नावं वाचायला लागले. एक नाव, दुसरं नाव, तिसरं. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय. पुढं काहीच नाही! सगळे कारणाची वाट बघत होते, नावांकडं कुणाचं ध्यानच नव्हतं. गिरजाबाईचं नाव आलं आणि गेलं. तिनं माझा दंड असा आवळला की वळ उठले. यादी संपली, आतोबांनी कागद दुमडला. क्षणभर कुणाला काही कळेना. मग गिरणीवाला गरजला, ‘पटवारी, कारणं कुठं गेली? गावाचा हक्क हाय! तुमीच म्हणता ना, कागद आमचे हायत म्हणून?’ ‘हां, हां, कारणं वाचा!’ सगळीकडून कालवा सुरू झाला.

आतोबांनी हात वर केला. ‘सरकारचा पैसा कुणाला चाललाय, त्ये गावाचं. म्या वाचलं. त्या माणसाच्या घरात काय झालं, त्ये त्याचं. त्याचा सातबारा गावाच्या नावावर न्हाई. यातलं कुणी लबाड हाय असं वाटत आसंल तर एकट्यानं माझ्याकडं या, कानात सांगा, म्या घरी जाऊन तपासतो.’

‘आसं कसं? वाचलंच पाहिजे!’ गिरणीवाला उठून उभाच राहिला.

आतोबांचा चेहरा लालबुंद झाला. ‘वाचायचंच का? बरं. तिसरं नाव तुमच्या मायीचं हाय. तिच्यापासून सुरू करू?’

मागून कुणीतरी खुदकन हसलं आणि हास्याचा असा लोंढा उठला की चावडीवरची कबुतरं उडाली! गिरणीवाला मटकन खाली बसला. गिरजाबाई रडत होती का हसत होती, मला सांगता येणार नाही. आत्या मात्र दोन्ही एकदम करत होती. ‘बघ, बघ माझा नवरा!’ असं ती मलाच सांगायला लागली, जशी काही मी त्यांना ओळखतच नव्हते.

आता खरी गंमत घरी. आतोबा अहवाल लिहायला बसले. कोतवाल म्हणाला, ‘अप्पा, संपूर्ण वाचन झालं म्हणून लिव्हा की. कोण येतंय बघायला?’ आत्याही तेच म्हणाली. आतोबा उसळले, ‘न वाचलेलं वाचलं म्हणून लिव्हू? मग इतकी वर्सं घसा कशाला फोडला?’ आणि त्यांनी लिहिलं, अर्थातच मोठ्यानं म्हणत, ‘नावे वाचली. कारणे वाचली नाहीत. ती वाचणे योग्य वाटले नाही. एका गृहस्थाच्या बाबतीत रागाच्या भरात अर्धे बोलून गेलो, ते बोलायला नको होते.’ हे शेवटचं वाक्य ऐकून मी हात टेकले. सगळं गाव ज्या वाक्यासाठी त्यांना डोक्यावर घेऊन नाचत होतं, त्याचीच ह्या माणसाला खंत!

व्हायचं ते झालं. तालुक्याहून नोटीस आली. आतोबांनी तीही ओसरीत उभं राहून, जावक क्रमांकासकट, गल्लीला वाचून दाखवली. वेतनवाढ रोखली गेली आणि बदली झाली पार येलदरीकडं. ‘धरणावर मासे लय मिळतेत म्हणं,’ एवढंच म्हणाले, आणि ते माळकरी! गिरजाबाईच्या लेकीचं लग्न ठरल्या तिथीला झालं. आहेर पुकारायला आतोबा येलदरीहून आले होते. गिरणीवाल्यानं भाच्याला दिलेलं पातेलं त्यांनी उलटंसुलटं केलं आणि पुकारलं, ‘एक पातेलं, पितळी, नवंकोरं!’ पुढल्या यादीत म्हणे गिरणीवाल्याच्या आईचं नाव नव्हतं. का, ते आतोबांनी कधी सांगितलं नाही.

आत्याला मात्र ती थांबलेली वेतनवाढ फार लागली होती. ‘तुमी चुकला न्हाईत, मग शिक्षा का?’ हे ती शेवटपर्यंत विचारत राहिली, आणि एवढ्या एकाच प्रश्नाला आतोबांच्या तक्त्यात उत्तर नव्हतं. ती गेली. मग काचबिंदूनं आतोबांचे डोळे गेले. वाचणाऱ्या माणसाचे डोळे जावेत, काय म्हणावं! तेव्हापासून मी रविवारी जाऊन त्यांना पेपर वाचून दाखवायची. मुद्रकाचं नाव राहिलं तर लगेच म्हणायचे, ‘आजून संपला न्हाई पेपर.’

बऱ्याच वर्षांनी माहितीचा कायदा आला, तेव्हा मी स्टँडवरून त्याचं पुस्तक घेऊन गेले. आतोबांनी मुखपृष्ठापासून किमतीपर्यंत सगळं वाचायला लावलं. प्रत्येक खात्यानं दरवर्षी कळवायचं, की किती जणांनी माहिती मागितली, किती वेळा नाकारली, कोणत्या आधारावर, हे कलम आलं तसे म्हातारबुवा खाटेवर उठून बसले आणि खाटेच्या माच्यावर थापा मारायला लागले, ‘आगं पोरी, ह्यो तर आपला तक्ता! आपलाच हाय की ह्यो!’ शेजारची माणसं काय झालं म्हणून बघायला आली. मग मी, दोन पानं चिकटल्यामुळं मागं राहिलेलं एक कलम वाचलं. ज्या खाजगी गोष्टीशी लोकांच्या कामाचा काही संबंध नाही, जी सांगितल्यानं एखाद्याच्या घरात उगाच डोकावल्यासारखं होईल, ती सांगण्याची सक्ती नाही.

आतोबांच्या थापा थांबल्या.

‘परत वाच.’

मी परत वाचलं.

‘आनखी एकदा. जरा मोठ्यानं. तुझ्या आत्याला ऐकू जाऊ दे.’

समोरच्या भिंतीवर आत्याचा फोटो होता, हार घातलेला. मी चावडीवर वाचावं तसं, घसा खाकरून, खणखणीत वाचलं. एक शब्द गाळला नाही. वाचून झाल्यावर त्यांच्याकडं पाहिलं. आतोबा फोटोच्या दिशेनं तोंड करून बसले होते. आता काहीतरी मोठ्यानं म्हणतील म्हणून मी थांबले. त्यांचे ओठ हलत होते, आणि आवाज नव्हता. तेच कलम ते पुन्हा म्हणत होते, मनातल्या मनात.