पाटावरचा साक्षीदार

जेवण अंगावर आलं आहे. दिगंबर पुढच्या खोलीत पंख्याखाली सतरंजीवर आडवा झाला आहे आणि आतून भांडी घासल्याचा आवाज येतो आहे. मंदा घासते आहे, त्याची धाकटी बहीण. सकाळच्या एसटीने इस्लामपूरहून आली आणि आल्या आल्या पदर खोचून तिने वहिनीच्या हातातली भांडी काढून घेतली. "तुम्ही जरा पडा हो वहिनी. तिथे भाड्याच्या खोलीत दोन ताटल्या असतात, हाताला घासल्याचं समाधान नाही."

चार वाजता दोघांना रजिस्टर कचेरीत जायचं आहे. तात्यांच्या, म्हणजे वडिलांच्या, या घरावरचा हक्क मंदा आज सोडणार. कायद्याने निम्मा वाटा तिचा. पण बहिणींनी सही द्यायची, भावाने साडीचोळी करायची, माहेर शाबूत राहायचं, अशी इकडची रीत. साडीची पिशवी खुंटीला लावून ठेवलेली आहे. सोमवारी बिल्डरची माणसं घर मोजायला येतील.

आणि कपाटात, स्वेटरांच्या खाली, तात्यांची कीर्तनाची वही आहे. ती मंदाला ठाऊक नाही.

तात्या शिंपी. वर्षभर मशीन, आणि रामनवमीच्या उत्सवात नऊ दिवस मारुतीच्या देवळात बुवांच्या मागे झांज धरून उभे. वहीत आख्यानांची टिपणं आहेत, आणि शेवटच्या पानावर मृत्युपत्र. "मागची खोली, न्हाणी आणि बकुळीचं झाड मंदाचं. तिला तिथून कुणी ऊठ म्हणू नये." खाली सही. साक्षीदार म्हणून एकच नाव लिहिलंय, श्री मारुतीराया, आणि त्याखाली दोन बोटं जागा कोरी.

वही दाखवली तेव्हा वकील हसले नव्हते. चष्मा पुसत म्हणाले होते, "साक्षीदार दोन लागतात हो. आणि दोन्ही माणसं लागतात." दिगंबरला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. सुटल्यासारखं वाटलं याची लाजही वाटली. वही कपाटात गेली.

डोळा लागतो की लागत नाही. आतलं ताट ताटावर आपटतं, त्याचा नाद लांबत जातो, लांबत जातो, आणि त्याची झांज होते.

दिगंबर कचेरीतल्या बाकावर बसला आहे. हातात टोकन आहे. भिंतीवर कामकाजाच्या वेळांचा फलक आहे, पण फरशीवर सतरंज्या अंथरल्या आहेत, बायका मांडीवर लेकरं घेऊन बसल्या आहेत, आणि फायलींच्या गठ्ठ्यांवर बकुळीचे गजरे वाहिले आहेत. साहेबांच्या खुर्चीजवळ फेटा बांधलेले बुवा उभे आहेत. त्यांच्यामागे झांज धरून तात्या. गळ्यात मोजपट्टी.

"आलास? पुढे ये. लहानपणापासून खांबाआड बसायची खोड तुझी."

"तात्या, तुम्ही तर..."

"गेलो. दहा महिने झाले. पुढे बोल."

"गुडघा कसा आहे?" दिगंबरच्या तोंडून भलतंच निघतं.

"अजिबात दुखत नाही. मेल्यावर पहिला फायदा तो." तात्या झांज उलटी करून मांडीवर ठेवतात. कधी बसले ते दिसलं नाही. "वही आणलीस?"

"नाही."

"मग बगलेत काय आहे?"

बगलेत वही आहे.

दिगंबर मान खाली घालतो. "वकील म्हणाले, देव चालत नाही साक्षीला."

"बरोबर म्हणाले. चूक माझीच. मला वाटलं, ज्याच्यासमोर बसून लिहिलं तो साक्षीदार. त्याच्याहून जवळ कोण होतं?" तात्या शेजारच्या पाटाकडे बघतात.

रामकथा लागते तिथे मारुती ऐकायला येतो, म्हणून आपल्याकडे त्याच्यासाठी एक पाट मांडून ठेवतात. रिकामाच. दिगंबरने जन्मभर तो रिकामाच पाहिला आहे. आताही त्यावर तांबडं वस्त्र तेवढं आहे.

"आणि खालची कोरी जागा?" तो विचारतो.

"ती तुझी होती की रे. तीनदा आलो वही घेऊन. एकदा तू फोनवर, एकदा पंगतीत, एकदा असाच पंख्याखाली घोरत होतास. झोपलेल्या पोराला उठवून सही काय मागायची?" तात्या हसतात. "म्हणून म्हटलं, आता झोपेतच जाऊ."

दिगंबरला हसू येतं. बुवा गाता गाता थांबतात. सगळी सभा एकाएकी नीट बसते, पदर सावरले जातात. वर छत नाही. बकुळीची फांदी आहे, परसातलीच. फुलं गळताहेत. सतरंजीवर पडतात, तात्यांच्या टोपीवर पडतात. पाटावर मात्र पडत नाहीत. हातभर वर येऊन थांबतात, कशावर तरी अलगद टेकतात. एक, चार, दहा. बघता बघता दोन रुंद खांद्यांची गोलाई फुलांनी उमटते, वाकलेली मान उमटते. कुणीतरी ऐकत बसलं आहे.

दिगंबरच्या अंगावर सर्रकन काटा येतो. हात आपोआप जोडले जातात.

"इतकी वर्षं..." तो पुटपुटतो.

"रोज असतो," तात्या हळूच म्हणतात. "मीसुद्धा इकडे आल्यावरच पाहिला."

बुवा टोकनाचा नंबर पुकारतात. तात्या दिगंबरचा अंगठा धरतात, सुईत दोरा ओवताना धरायचे तसा, दोन बोटांत.

"घाबरलास?"

"हो."

"मीही लिहिताना घाबरलो होतो. तुझ्या ताटातलं कमी करतोय असं वाटलं. माया कमी नाही रे, दिगू. पण तुझं कसंही निभेल. मंदाला भाड्याच्या खोल्यांतून 'ऊठ' म्हणणारे फार भेटले."

समोर शाईच्या डबीऐवजी वाटी आहे. तात्या त्याचा अंगठा तिच्यात बुडवतात. वहीचं पान उघडं आहे. पाटावरची मान किंचित वळते, आणि...

"दादा, ऊठ ना. साडेतीन झाले."

मंदा दारात हात पुसत उभी आहे. काखेत पर्स, त्यातून आधार कार्ड डोकावतं आहे. दिगंबर उठून बसतो. पंखा फिरतो आहे.

"अगंबाई, हे काय? देवळात जाऊन आलास का? मी तर इथेच होते."

तो उजवा हात समोर धरतो. अंगठ्याला शेंदूर लागला आहे. तेलात कालवलेला, ओला, पेरापर्यंत. खोलीत बकुळीचा वास आहे.

तो कपाट उघडतो, डाव्या हाताने स्वेटर बाजूला करतो, वही काढतो. शेवटचं पान उघडून सतरंजीवर ठेवतो आणि मारुतीरायाच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर अंगठा दाबतो.

"तात्यांची वही ही! तुझ्याकडे होती? दादा, अरे काय करतोस? कचेरीला उशीर होईल."

"जायचं नाही कचेरीत. मी लपवली होती ही, मंदा. तू वाच."

ती उभ्यानेच वाकते. ओठ हलवत वाचू लागते. 'मागची खोली' या शब्दांपाशी तिचा आवाज फुटतो. बोट पुढच्या ओळीवर जातं, तिथून हलत नाही. तेवढ्यात आतून वहिनीची चहासाठी हाक येते, आणि मंदा सवयीने निघते.

"बस," दिगंबर म्हणतो. "चहा मी आणतो."