पाय न टेकता

सायकल चालवताना अक्का मान उजवीकडे कलती करून साखळीचा आवाज ऐकायच्या. रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी तुम्ही असाल, तर पाहिलंही असेल त्यांना. पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट, आणि चेहरा असा की लांब कुठंतरी कुणी गातंय आणि ते फक्त त्यांनाच ऐकू येतंय.

त्या आमच्या गल्लीतल्या. शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. माहेर कागलच्या पलीकडे, कानडी मुलखाच्या सीमेलगत. त्यामुळे माझ्यासारख्या पन्नाशीच्या बाप्यालाही त्या ‘तम्मा’, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायच्या. गुडघा कुरकुरायला लागला म्हणून मी गिअरची सायकल घेतली आणि आयताच त्यांच्या तावडीत सापडलो.

माझा एक गैरसमज होता, आणि तो आमच्या गावात बऱ्याच जणांचा आहे. हलका गिअर म्हणजे कमीपणा. तरुणपणी तालमीत घाम गाळलेला माणूस मी. चढ असो की उतार, पुढची मोठी, जड चकती सोडायची नाही. अगदीच जीव निघाला की जरा हलकं व्हावं म्हणून मागचीही मोठी टाकायची. मग साखळी तिरकी ताणली जायची आणि खरखरायची.

“तम्मा, वाकडी पळवायलास की तिला!” अक्का ओरडायच्या. “पुढं मोठी, तर मागं बारक्या. पुढं बारकी, तर मागं मोठ्या. सरळ पळू दे. आणि चढ लागायच्या आदी बदल, चढावर न्हाय.”

“हलक्यावर पाय नुसते भिरभिरतात हो, अक्का. लाज वाटते.”

“मग गुडघ्याचं ऑपरेशन करून घे की. त्याची न्हाय वाटायची लाज!”

पंचगंगेवर धुकं असायचं. गुऱ्हाळाचा गोडसर वास यायचा. पुढं अक्कांचे पाय एका लयीत फिरत असायचे आणि मी अर्धवट झोपेत असल्यासारखा त्यांच्यामागून जायचो. चढ कधी लागला, कधी सरला, कळायचं नाही. इतकं हलकं मला आयुष्यात क्वचितच वाटलंय.

अक्कांची एकच इच्छा होती: पाय न टेकता पन्हाळा चढायचा. दोनदा शेवटच्या वळणावर त्यांचा दम तुटला होता. अशात पुण्याच्या मुलानं ठरवलं, आईला आता घेऊनच जायचं. सामान बांधून झालं. निघायच्या आदल्या रविवारी आम्ही दोघं सायकली काढून निघालो.

वाघबीळच्या पुढं धुकं इतकं दाट, की गड दिसेना. अक्का पुढं बारकी, मागं मोठी लावून सावकाश वर सरकत होत्या. शेवटचं वळण त्यांनी घेतलंसुद्धा. आपण वळणाशीच मागं पडतोय हे पाहून माझी जुनी खोड उफाळली. भर चढावर, पायाचा सगळा जोर असताना, मी पुढची मोठी चकती टाकायला गेलो. कडकन साखळी उतरली, अडकली आणि मी रस्त्यावर आडवा.

“तुम्ही व्हा पुढं! थांबू नका, अक्का!” मी ओरडलो.

त्यांनी मागं वळून पाहिलं. आणखी दोन पायडल मारली. मग पाय टेकला.

“अहो, हे काय केलंत!”

“गप की. कोपरातनं रगत यायलंय तुझ्या.” त्यांनी माझी साखळी बसवली, काळ्या झालेल्या हातांनीच कोपराला रुमाल बांधला. “वर जाऊन एकटीनं झुणका-भाकर खातो व्हय मी?”

मला रडू आलं. भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसमोर. उरलेला चढ आम्ही सायकली हातात धरून चालत गेलो. अक्का कानडीत काहीतरी गुणगुणत होत्या.

आता त्या पुण्यात असतात, नवव्या मजल्यावर. तिथली रहदारी पाहून मुलगा सायकल चालवू देत नाही. मी महिन्यातून एकदा पन्हाळ्याला जातो. गिअर बरोबर पडतात, गुडघा गप्प असतो, वर पोचेपर्यंत पुरेल एवढा दम छातीत असतो. त्या वळणाशी आलो की मी उतरतो, आणि उरलेला चढ चालत जातो.