उतार आणि ढाळ

आमच्या सोसायटीचे चेअरमन कुठल्याशा कचेरीतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. अक्कल बहुधा त्यांच्या आधीच निवृत्त झाली होती. उतार आणि ढाळ यांतला फरक कळायला शिक्षण लागत नाही. आयुष्यात एकदा न्हाणीत बादली ओतलेली असली की पुरे. यांनी ती बायकोकडून ओतून घेतली असणार.

उतार पायाला आणि चाकाला कळतो. तो घाटाला असतो, रस्त्याला असतो, कुणी न करताही असतो. ढाळ द्यावा लागतो, पाण्यासाठी, आणि देण्याआधी पाणी कुठे जायला हवं ते ठरवावं लागतं. चांगला ढाळ तर डोळ्यांना दिसतही नाही.

ऐंशीनंतरची दोनचार वर्षं असतील. वाशीत आम्ही नव्याने राहायला आलो होतो, आई आणि मी. आईचे गुडघे गेलेले, म्हणून मुद्दाम तळमजला घेतला. ती उरणकडची. रोज सकाळी फाटकाशी एक कोळीण पाटी घेऊन बसायची. आई हळूहळू चालत तिच्यापर्यंत जायची, मासळी घ्यायची आणि तासभर आपल्या बोलीत गप्पा मारून यायची. या नव्या गावात तिचं म्हणून तेवढंच होतं. मी दिवसभर नोकरीवर, आणि बाकीच्या बिऱ्हाडांना तिची भाषा ऐकून हसू यायचं.

आवारात तेव्हा नुसता मुरूम होता. कोबा करायचं ठरलं, तेव्हा मी बैठकीत म्हटलं, "ढाळ बाजूच्या गटाराकडे द्या."

"ढाळ काय, उतार काय, एकच ते, ताई," चेअरमन म्हणाले. "पाणी खालीच जाणार ना? टेन्शन घेऊ नका." सगळे हसले. हसणाऱ्यांत एक इंजिनिअरही होता, हे नमूद करून ठेवते.

रस्ता आवारापेक्षा उंच होता आणि चेअरमननी नुकतीच स्कूटर घेतली होती. फाटकातून इंजिन बंद करून थेट जिन्यापर्यंत घरंगळत यायचं, एवढं एकच स्वप्न या माणसाने उभ्या आयुष्यात पाहिलं असावं. त्यांनी उतार दिला तो फाटकाकडून इमारतीकडे. जिन्याच्या तोंडाशी आमचं दार.

कोबा सुकला की त्यावर तांब्याभर पाणी ओतायचं, ते कुठे जातं ते बघायचं आणि मगच काम ताब्यात घ्यायचं, ही साधी रीत. गवंडी तांब्या मागायला आलादेखील. चेअरमननी त्याला हाकललं. नव्या कोब्यावर पहिलं पाणी सत्यनारायणाच्या दिवशी पडणार, सगळ्यांच्या देखत!

पडलं. पूजेच्या सकाळी पाइप लावून आवार धुतलं आणि ते सगळं पाणी, फुलं आणि अर्धवट पुसलेली रांगोळी घेऊन, आमच्या घरात शिरलं. प्रसादाचा शिरा आमच्याच स्वयंपाकघरात होत होता. आई ओट्याला धरून उभी राहिली आणि ओरडली, "पानी आत आलाय गो!" बाहेर चेअरमन धोतर वर धरून म्हणत होते, "बघा, कसं झरझर जातंय!"

कोबा फोडायला ते तयार होईनात. इतका देखणा उतार! त्याऐवजी मी कामावर असताना त्यांनी आमच्या दाराला दीड वीत उंच सिमेंटचा उंबरा बांधून दिला आणि वर आईकडून चहा घेतला. मी घरी आले तेव्हा आई उंबऱ्याच्या आत खुर्चीवर बसली होती. तिला तो ओलांडता येत नव्हता. मी तो फोडायला निघाले तर तिनेच अडवलं. "पुना पानी आला तर पुसायला वाकू कशी?"

कोळणीला फाटकाच्या आत यायला मनाई होती, वास येतो म्हणून. मग ती बाहेरून हाक मारायची, "बाय, निवट्या हायत गो!" आणि आई आतून ओरडून भाव करायची. लेकीसुनांची चौकशी, गावातलं लग्न, कुणाचं मरण, सगळं आवाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरडून. मासळी शेजारच्या मोलकरणीच्या हातून आत यायची. आईला ओरडताना ऐकलं की माझ्या मस्तकात तिडीक जायची, आणि ती आईवर नसायची.

चेअरमनना त्या आवाजाचा त्रास व्हायला लागला. त्यांनी ठराव करून पाटी रंगवून घेतली, ‘आवारात मोठ्याने बोलू नये’, आणि ती फाटकावर लावली. म्हणजे आईला ती वाचायची तर आधी उंबरा ओलांडायला हवा होता.

तिने ती कधीच वाचली नाही. शेवटपर्यंत ओरडत राहिली.