साडेचारला बुडणारा सूर्य

भूपाल आण्णानं उभ्या आयुष्यात कुणाशी भांडण केलं न्हाई, आणि आता त्याचंच त्याला लय वाईट वाटतं. सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्सं त्यानं हळदीची पोती वजन केली. शेतकरी ओरडायचे, व्यापारी ओरडायचे, हा गप काट्याकडं बघायचा. "आण्णा, तुमाला राग येतो का न्हाई?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "येतो की. पण तोवर तुमी निघून गेलेला असता."

घर बैठं, दोन खोल्यांचं, पुढं कट्टा, दार पश्चिमेला. बायको चंदनबाला. जैनांच्यात सूर्य बुडायच्या आत जेवायची रीत. नवी नवरी होती तवाच सासूनं तिला नियम घालून दिला, आपल्या दारातनं सूर्य दिसायचा बंद झाला की ताट झाकायचं. तिनं घड्याळ कधी बघितलंच न्हाई. कट्ट्यावर बसून भाकरी खायची. समोरच्या मोकळ्या जागेपलीकडं सूर्य लालभडक होऊन खाली जायचा आणि आण्णा पाण्याचा तांब्या आणून द्यायचा. पन्नास वर्सं हेच.

ती मोकळी जागा सम्मेदनं घेतली. गल्लीतलंच पोरगं, लहानपणी ह्याच कट्ट्यावर बसून चंदनबालाच्या हातचे लाडू खाल्लेलं, आता बिल्डर झालेलं. गल्लीत सगळी बैठी घरं म्हणून तिथं तीन मजल्यांच्या वर बांधायला बंदी, आणि त्याला पायजे होते सात. मग जादा मजल्यांसाठी महापालिकेची नोटीस लागली, शेजाऱ्यांची हरकत असंल तर महिन्याच्या आत लेखी द्या.

आण्णानं मोत्यासारख्या अक्षरात अर्ज लिहिला. 'सात मजले झाले तर माझ्या पत्नीला सूर्य दिसणार नाही.' बास, एवढंच.

तेवढ्यात भादव्यातलं पर्व लागलं. त्या दहा दिवसांत कुणाबद्दल मनात वाईट आणायचं न्हाई, म्हणून अर्ज खिशातच ऱ्हायला. पर्व संपलं की क्षमावणी. लोक घरोघरी जाऊन हात जोडतात, वर्षभराच्या चुकांची माफी मागतात. सम्मेदबी आला, वाकून पाया पडला.

"आण्णा, कळत नकळत काय चुकलं असंल तर क्षमा करा."

"क्षमा रं बाळ," आण्णा म्हणाला. "उत्तम क्षमा."

दुसऱ्या दिवशी अर्जाची शेवटची तारीख. आण्णा महापालिकेच्या गेटपर्यंत गेला, खिशावर हात ठेवून तासभर उभा ऱ्हायला आणि तसाच घरी आला.

"दिला का अर्ज?" चंदनबालानं विचारलं.

"न्हाई. कालच माफ केलंय त्याला. आज तक्रार कोणत्या तोंडानं करू?"

तिनं पाण्याचा तांब्या त्याच्या पुढं ठेवला. तीबी त्याच रीतीत वाढलेली.

दुसऱ्या कुणीच हरकत घेतली न्हाई. दोन वर्सांत सात मजले झाले. दुपार कलली की सावली कट्ट्यावर, आणि साडेचारला ताट झाकलेलं.

"अगं, सूर्य बुडला न्हाई. बिल्डिंगीमागं गेलाय."

"मला दिसतो का? न्हाई नव्हं? मग बुडला."

"कॅलेंडरवर वेळ छापलेली असती."

"आवं, नियम कॅलेंडरला दिलाय का मला?"

थंडीत तर चारच्या आतच. भूक नसताना दोन घास कसेबसे गिळायची आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उपाशी. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. मंदिरातल्या बायकांनी समजावलं, डॉक्टरनं समजावलं. ऐकती कुठं. आण्णा रोज त्या सात मजल्यांकडं बघायचा, आणि अर्जाची घडी अजून त्याच शर्टाच्या खिशात.

परत भादवा आला, परत क्षमावणी. सम्मेद पेढ्यांचा बॉक्स घेऊन दारात. "आण्णा, वर्षभरात काय चुकलं असंल तर..." आण्णानं हात जोडले, पण तोंडातनं शब्दच निघंना. सम्मेद तसाच वाकून थांबला. मग आत बघत म्हणाला, "काकू कुठायत? पेढा देतो त्यांना."

"आता खायाची न्हाई ती."

सम्मेदनं मोबाईल बघितला. "पाच तर वाजल्यात, आण्णा."

"व्हय," आण्णा म्हणाला. "आमच्या दारात बुडला सूर्य."