अबोल पाण्याची सायकल

पुतळाबाईंना सायकल येते हे ठाऊक नसलेला माणूस बोनकोड्यात शोधूनही सापडला नसता. नवरा गेल्यावर त्याची उंच, काळी सायकल ओट्याला टेकून गंज खात उभी होती. तेव्हा आसपास सिडकोने रस्ते आधी टाकले होते, माणसं मागाहून यायची होती. त्या रिकाम्या डांबरावर, बघून हसणारं कुणी नाही एवढ्याच धीरावर, चाळिशी उलटलेली ही बाई सायकल शिकली. लुगडं काष्ट्याचं, त्यामुळे मधल्या दांड्याची अडचण नव्हती. पुढे सोसायट्या भरल्या आणि पुतळाबाई मागे पाटी बांधून दारोदार वालाच्या शेंगा विकू लागल्या. पोरंसोरं त्यांना सायकलवाल्या मावशी म्हणायची.

त्यांचं माहेर खारघरकडच्या डोंगरांत, एका खोऱ्याच्या अगदी आतल्या टोकाला. गावामागे काळाकभिन्न कडा आणि कड्याच्या पायथ्याशी शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे देवीचा वाटोळा दगड, तीच गावाची कडेआई. चैत्री पौर्णिमेला पहाटे तिला स्नान घालायचं ते अबोल पाण्याने. खोऱ्याच्या तोंडाशी गोड्या पाण्याची विहीर आहे. तिथलं पाणी भरून एका बाईने देवीपर्यंत आणायचं. वाटेत एक अक्षर बोलायचं नाही, भांडं जमिनीला टेकवायचं नाही. सकाळचं ऊन आधी कड्याच्या माथ्यावर पडतं आणि मग हळूहळू खाली उतरतं. ते देवीच्या अंगावर येण्याआधी पाणी पोचलं पाहिजे.

हा मान पुतळाबाईंची आई गोजराबाई यांचा. लग्न होऊन आल्यापासून त्यांनीच तो सांभाळला होता. पण आता त्यांचे गुडघे धरले होते, आणि लेकाच्या, म्हणजे धर्मराजच्या मनात वेगळंच होतं. दारात नळ आला होता.

"नलाचं पानी घालू. देवीला काय कलतंय?" आदल्या संध्याकाळी तो ओट्यावर बसून म्हणाला. "आन आता ती जुनी वाट हाय का? शेतं गेली, बांध गेले."

"मी आनतं," पुतळाबाई म्हणाल्या. त्या दुपारीच बोनकोड्याहून सायकल मारत आल्या होत्या.

"सायकलवर? चाक भुईला लागतंय, मंग पानी टेकलंच की!"

गोजराबाई भिंतीला टेकून वाल सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "देवीचा मुखवटा बैलगाडीतून आनला, तवा चाकं काय आभालात व्हती?"

"आन घंटी वाजवली तर? ते बोलनंच झालं."

"घंटी देवलात पन हाय."

धर्मराज हसला, पण हट्ट सोडला नाही. "बरं, आन पुतले. पन ऊन खाली आलं आन तू नाय आलीस, तर मी नलाचं घालीन. आन मंग दर साली तेच."

 सोलता सोलता आईचे हात थांबले, ते पुतळाबाईंनी पाहिलं.

पहाटे त्या विहिरीवर पोचल्या. कळशी भरली, तोंडाला केळीचं पान बांधलं, कॅरिअरवर चुंबळ ठेवून तिच्यावर कळशी जुन्या लुगड्याने आवळून बांधली. देवीचं नाव मनातल्या मनात घेतलं आणि टांग मारली.

नवा रस्ता चांगला रुंद होता. मधोमध गुलमोहराची हातभर रोपं, आणि दोन्ही बाजूंना माणूस नाही, घर नाही, गाडी नाही. पश्चिमेला पूर्ण चंद्र पिकल्या फळासारखा खाली आला होता. चाकांचा सर्रर आवाज आणि कळशीतल्या पाण्याचं डुबुक, एवढंच काय ते ऐकू येत होतं. भाजीच्या पाटीसाठी रोज चालवलेली ही सायकल, पण आज ती आपण चालवत नसून कुणीतरी तिला हळूच पुढे ओढतंय, असं पुतळाबाईंना वाटलं. 

मग ते मोठं सर्कल आलं.

तिथून पाच रस्ते फुटत होते, सगळे सारखे, सगळे नवेकोरे. ना पाटी, ना खूण. काल त्या माणसांना विचारत विचारत आल्या होत्या, आणि पहाटे उताराच्या भरात यातल्या कुठल्या रस्त्याने खाली आलो ते पाहिलंच नव्हतं. लहानपणी आईच्या मागून त्या दर वर्षी इथून जायच्या, पण तेव्हा नजर आईच्या टाचांवर असायची. बांधावरून पाय घसरू नये म्हणून. त्यांची सगळी वाट जमिनीवरची होती: वाकडा आंबा, ओहळावरचा दगड, निवडुंगाचं कुंपण. ती जमीनच बुलडोझरने सपाट केली होती. जन्मगावच्या वाटेवर पुतळाबाई चुकल्या.

त्यांनी एक रस्ता धरला. तो दूर जाऊन खडीच्या ढिगापाशी संपला, पुढे नुसतं गवत. मागे फिरल्या. दुसऱ्या रस्त्यावर एक अर्धवट इमारत आणि तिच्या दाराशी कांबळं गुंडाळलेला वॉचमन.

"माताजी, किधर जाना है? कौनसा सेक्टर?"

पुतळाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, मग डोंगराकडे हात केला, मग हात जोडले.

"अरे रे, बोल नहीं पाती," वॉचमन हळहळला आणि आवाज चढवून एकेक शब्द सुटा करत म्हणाला, "सेक्टर! बारह? पंद्रह?"

त्यांनी कपाळाला हात लावला. बोलता आलं असतं तरी काय सांगणार होत्या? त्याला देवी माहीत नव्हती, त्यांना सेक्टर माहीत नव्हता. तो बिचारा आपल्या डब्यातली अर्धी भाकरी पुढे करू लागला, तेव्हा त्यांनी मान हलवून सायकल वळवली. वर पाहिलं तर कड्याच्या माथ्यावर लाली चढत होती. ऊन निघालं होतं.

सर्कलपाशी येऊन त्या एक पाय टेकवून थांबल्या.  आये, तू कशी जायचीस गं, त्यांनी मनात विचारलं. आणि एकदम आठवलं. डोक्यावर हंडा घेतलेली आई प्रत्येक वळणावर थांबायची. हंड्यासकट सगळं अंग डोंगराकडे वळवून क्षणभर उभी राहायची. पोर पुतळीला वाटायचं, आई दम खातेय. विचारायची सोय नव्हती, आणि घरी गेल्यावर विचारायचं राहून जायचं.

आई दम खात नव्हती.

पुतळाबाईंनी वर पाहिलं. कड्याच्या माथ्यावर दोन सुळके होते. जिथे त्या उभ्या होत्या तिथून ते एकावर एक आले होते, जणू एकच टोक. त्या सर्कलभोवती हळूहळू सायकल फिरवू लागल्या. पहिल्या रस्त्यापाशी एकच टोक, दुसऱ्यापाशीही एकच. तिसऱ्यापाशी फट पडली. चौथ्या रस्त्याच्या तोंडाशी दोन्ही सुळके, गावातून दिसायचे तसे, गाईच्या शिंगांसारखे वेगळे झाले आणि त्यांच्या बरोबर मधे, फिकट होत चाललेला चैत्राचा चंद्र येऊन बसला.

पुतळाबाईंच्या तोंडून आवाज फुटणार होता. त्यांनी पदराचा बोळा दातांत धरला आणि पेडल मारलं.

आता खाली बघायचं कारणच उरलं नव्हतं. रस्ता गुळगुळीत होता, वाटेत कुणी आडवं येणार नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा पुतळाबाई त्या खोऱ्यातून मान वर करून जात होत्या. किती मोठा होता तो डोंगर! दोन्हीकडून डोंगराच्या सोंडा उतरत आलेल्या, मधे खोरं ओंजळीसारखं, आणि त्या ओंजळीत एक सायकल. कड्यावरून सोनेरी ऊन उतरत होतं, एकेक थर उजळत, आणि त्या त्याच्याकडे निघाल्या होत्या. ऊन वरून, पाणी खालून. घाई होती, तरी भीती कुठे गेली होती कोण जाणे.

देवीपाशी सगळा गाव जमला होता. धर्मराज नळाच्या पाण्याचा कॅन घेऊन उभा, आणि ऊन तांदळ्याच्या वर पुरुषभर उंचीवर. घंटी न वाजवताच लोक बाजूला झाले. गोजराबाईंनी काठी टाकून कळशी सोडवून घेतली. देवीच्या माथ्यावर धार धरली, आणि ती संपता संपता ऊन त्या ओल्या शेंदरावर उतरलं.

"कंच्या रस्त्यानं आलीस गो?" धर्मराजने विचारलं.

आता बोलायला मोकळीक होती.  तरी पुतळाबाईंनी नुसतं वर, त्या दोन सुळक्यांकडे बोट केलं. गोजराबाईंनी लेकीकडे पाहिलं आणि डोळे पुसले. धर्मराजने कॅन उचलला आणि येणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायला पायरीशी जाऊन बसला.

नैवेद्य झाल्यावर म्हातारीने हळूच लेकीचा पदर ओढला. "मना जरा बसवशील त्या सायकलवर?"

कॅरिअरवर घोंगडी घालून, कड्याकडे तोंड करून आईला बसवलं. रिकाम्या रस्त्यावरून सायकल सावकाश निघाली. 

"आये, बरी हायस ना?"

"डोक्यावर हंडा, मान कधी उचललीच नाय बाय मी," मागून आवाज आला. "निस्ती ती दोन शिंगं दिसायची. हलू चालव. सगला डोंगर बघूं दे."