किताबात असं न्हाई

हुमनाबादजवळच्या दुबलगुंडीत नेत्रावतीला तिच्या नावानं हाक मारणारे दोघंच. एक नवरा अमृतप्पा आणि दुसरा गॅसचं सिलिंडर आणणारा, तोही पावतीवर नाव असतं म्हणून. बाकी सगळं गाव तिला किताबव्वा म्हणतं.

माहेर उदगीरचं. घरात कन्नड, शाळेत मराठी. लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेत पाच साड्या आणि अकरा कादंबऱ्या होत्या. सासूनं साड्या उलगडून बघितल्या आणि कादंबऱ्यांकडं बोट दाखवून विचारलं, "हे वाचून झालं की चिवडा बांधायला हुतील की?" नेत्रावतीनं आजवर एक पान चिवड्याला दिलेलं नाही.

गावात तिचा दरारा वेगळ्याच गोष्टीचा. कादंबरीवरून निघालेला सिनेमा टीव्हीवर लागला की लोक आधी तिचं तोंड बघतात. ती पदर खोचून बसते आणि पहिल्या दहा मिनिटांतच म्हणते, "किताबात असं न्हाई." किताबातली पोरगी काळी, आणि इथं बघावं तर लोण्याचा गोळा. किताबातला मास्तर तीन कोस चालत जायचा, ह्यांनी त्याला मोटारसायकल दिली. "पेट्रोल किताबात घातलं व्हतं का ह्यांच्या बापानं?" असं म्हणून ती उठून जायची. अमृतप्पा म्हणायचा, "सिनेमेवाल्यांनी आधी दुबलगुंडीला येऊन हिचा शिक्का घ्यायला पायजे."

संक्रांत सरली की तूर घरात येते, आणि भरडलेली डाळ निवडायला शेजारच्या ईरम्मा आणि चन्नम्मा तिच्या अंगणात बसतात. हात सुपात, कान किताबात. दोघींनाही अक्षर येत नाही आणि मराठी कळतं ते बाजारापुरतं. नेत्रावती डोळ्यानं मराठी वाचते आणि तोंडानं कन्नड काढते. कन्नड अडलं की मराठी, दोन्ही अडलं की दखनी.

चार वर्षांमागं तिनं अशीच एक कादंबरी लावली होती. नदीकाठच्या गावातली गिरिजा नावाची सून, सासऱ्यालाही तोंडावर सुनावणारी. चन्नम्माला ती पोटच्या पोरीगत झाली. चन्नम्माची खरीखुरी लेक तेव्हा पहिल्या बाळंतपणाला आलेली, नववा लागलेला. तीही पाय पसरून, खांबाला पाठ टेकून ऐकायची.

शेवटचं प्रकरण आलं. गिरिजाला कळा लागलेल्या, सुईण नदीपलीकडं, आणि नाव काही येत नाही. गिरिजा जाते. नेत्रावतीनं मान वर केली. समोर ती लेक, दोन्ही हात पोटावर, डोळे हिच्या तोंडाकडं. नेत्रावतीनं वाक्य गिळलं आणि नाव आणली. सुईण उतरली, पोरगी झाली, सासऱ्यानं गूळ वाटला. पंधरा दिवसांनी चन्नम्माच्या लेकीलाही पोरगी झाली. नाव ठेवलं गिरिजा.

आणि यंदा त्या कादंबरीची मालिका निघाली. सात भागांची. दुपारी एकेक भाग बघायला दोघी शेजारणी डाळीची सुपं घेऊन नेत्रावतीच्या टीव्हीसमोर बसल्या. गिरिजा किताबातल्यागत काळीच होती. घर तसंच, सासऱ्याची खोकायची ढबसुद्धा तीच. जन्मात पहिल्यांदा नेत्रावतीला खोट सापडेना, आणि तसतसा जीव खाली-वर होऊ लागला. सगळे सिनेमेवाले शेवट बदलतात, ह्यांनाच बदलायला काय धाड भरली? आयुष्यभर ज्यांना शिव्या दिल्या त्यांच्यासाठी तिनं बसवण्णाला हात जोडले, की बाबा, एवढा शेवट बिघडव.

नाही बिघडवला. सातव्या भागात गिरिजा गेली.

चन्नम्मा ताडकन उठली. "मुडद्यांनो, कामून मारलात रे तिला? आलती की नाव! किताबव्वा, गप कामून बसलीस? सांग ह्यांला, किताबात असं न्हाई!"

"चहा टाकते," म्हणून नेत्रावती आत गेली. अमृतप्पा भाकरी खात बसला होता. त्याला सगळं ठाऊक होतं.

"सांगून टाक की. जल्मभर तेच सांगायलीस."

"आजवर खरं व्हतं म्हणून सांगितलं."

"मग एकदा खोटं सांग. तुझीच नाव हाय, बुडू देऊ नको."

ती चुलीपाशी उभी राहिली. खरं सांगावं तर तीस वर्षांचा शब्द मातीत. उद्या दोघी विचारतील, आणिक कुठं कुठं फसवलीस? न सांगावं, तर ज्यांनी पहिल्यांदा किताब जशीच्या तशी दाखवली त्यांनाच खोटं पाडायचं. चहा राहिला. ती कपाटातून कादंबरी घेऊन बाहेर आली, चन्नम्मासमोर बसली आणि गिरिजा जाते त्या ओळी बोट ठेवून वाचल्या. मग मान वर न करता म्हणाली, "नाव मी आणली, चन्नम्मा. किताबात ती येतच न्हाई."

मग ईरम्मा म्हणाली, "मला ठावं व्हतं."

"काय ठावं व्हतं, अव्वा?"

"तू वाचताना पानं उलटतीस. त्या दिशी अर्धा तास एक पान उलटलं न्हाईस. म्या म्हणलं, किताब कवाच थांबली, बाईच चालायलीय."

"आन् मला सांगितलं न्हाईस, म्हातारे?" चन्नम्मा तिच्यावर घसरली. मग नेत्रावतीकडं वळली. "आणिक कुठल्या किताबात केलीस असं?"

"कुठल्याच न्हाई. आईची आण."

चन्नम्मानं सूप ओढलं, डाळीतून बोटं फिरवली. खडा एकही काढला नाही.

"हुमनाबादच्या दवाखान्याला नेताना गाडीत पोरगी कळा द्यायली व्हती. मी रडायले. तर तीच मला म्हणली, अव्वा, भिऊ नको, नाव यायलीय. हे तुला कधी सांगितलं न्हाई मी. पोरीचं भ्या त्या गाडीतच मागं राहिलं, ते तुझं देणं हाय माझ्यावर."

कादंबऱ्या लिहिणाऱ्यांचे नेत्रावतीनं मनातल्या मनात किती आभार मानले असतील. ऐकणाऱ्यांचेही मानायचे असतात हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"त्या सिनेमेवाल्याचं बरोबर असंल," चन्नम्मा म्हणाली. "त्याच्यासमोर कुणी पोटुशी बसली नव्हती." तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला, मयताच्या घरी घेतात तसा. "पण गिरिजाच्या मातीला आपल्यातलं कुणीच गेलं न्हाई की गं. आता वाच सगळं. येक शबूद सोडू नको."

ईरम्मानंही सूप बाजूला सारलं. नेत्रावतीनं शेवटचं प्रकरण पहिल्या ओळीपासून काढलं, आणि ह्या खेपेला पानं उलटत वाचलं.