कात्रीशी ओळख

माझी मुलगी सहा वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. केसांना फणी लागली की ती जमिनीवर लोळायची, स्वतःचाच हात चावायची. शेवटी मी विंचरणं सोडून दिलं आणि मानेमागे केसांचा नुसता गुंता झाला. सासरकडच्या एका लग्नात नणंद चारचौघींत म्हणाली, "पोरीच्या डोक्याच्या जटा झाल्या. माय करते काय दिवसभर?"

पंगत बसायच्या आधीच मी मुलीला कडेवर घेतलं आणि घरी निघून आले.

वलगावला आमचा झेंडू आणि शेवंतीचा मळा. नवरा पहाटेच फुलं घेऊन अमरावतीच्या बाजारात जायचा. अमरावतीच्या डॉक्टरांनी तिला ऑटिझम आहे, मराठीत स्वमग्नता म्हणतात, असं सांगितलं, तेव्हा घरात तो शब्द कुणालाच नीट उच्चारता येईना. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. नवरा एवढंच म्हणाला, "तिले जे येईन ते येईन. तू रडू नको."

अकोल्याला एक थेरपिस्ट बाई एका शनिवाराआड नागपूरहून येत. माझं माहेर अकोल्याचं, राहायची सोय होती, म्हणून आम्ही मायलेकी एस.टी.नं जायला लागलो. मुलीला खिडकीच हवी असायची, आणि गाडी थांबली की ती किंचाळायची. मूर्तिजापूरच्या स्टँडवर लोक वळून वळून बघत. मी पदर डोक्यावर ओढून बसायची.

तिथे थेरपीच्या खोलीबाहेरच्या बाकावर मला आपा भेटल्या. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या, घरी ब्लाउज शिवायच्या. त्यांची मुलगी बारा वर्षांची, तीही माझ्या मुलीसारखी न बोलणारी. एका शनिवारी थेरपिस्ट बाई आल्याच नाहीत. मला बाकावर हताश बसलेलं बघून आपा म्हणाल्या, "इतक्या दुरून आल्या अन् तशाच जाता का? चला घरी, चाय तं प्या."

त्यांच्या घरात शिरल्या शिरल्या माझी मुलगी शिलाई मशीनपाशी बसली आणि चाकाकडे बघत राहिली. आपांनी तिला काही विचारलं नाही की जवळ ओढलं नाही. मशीन चालवत राहिल्या. तासभर ती एकदाही किंचाळली नाही. परक्या घरात मी गरम चहा पूर्ण प्यायले, कितीतरी महिन्यांनी.

निघताना आपांनी हळूच विचारलं, "ताई, केस कोण कापते इचे?"

मला रडूच फुटलं. "कोनीच नाही. कापूच देत नाही ते."

"कापू देत नाही, का तिले कात्री म्हंजे काय तेच माहीत नाही?"

त्यानंतर थेरपी झाली की आम्ही आपांकडे जायला लागलो. पहिल्या खेपेला त्यांनी कात्री नुसती चटईवर ठेवली. मुलीनं ती लाथेनं ढकलली. "ठीक हाय," म्हणून आपांनी उचलून ठेवली. पुढच्या खेपेला त्या तिच्यासमोर कापडाच्या चिंध्या कापत बसल्या. कचकच आवाज आणि खाली पडणाऱ्या रंगीत पट्ट्या तिला आवडल्या. तिनं त्या गोळा केल्या. मग एके दिवशी तिनं आपांच्या हातावर स्वतःचा हात ठेवला आणि दोघींनी मिळून एक पट्टी कापली.

पाचव्या की सहाव्या खेपेला आपांनी स्वतःची वेणी पुढे घेतली, टोक तिच्यासमोर धरलं आणि कात्री तिच्या हातात दिली. मी घाबरून उठले. "राहू द्या ताई, केसच हायेत," आपा म्हणाल्या. मुलीनं बोटभर वेणी तिरकी कापली. आपा हसत सुटल्या. मग त्यांनी तिला विचारलं, "आता माझी बारी? एकच."

माझी मुलगी वळली आणि आपांकडे पाठ करून बसली.

आपांनी एक बट कापली आणि कात्री खाली ठेवली.

मला राहवेना. "आपा, बसली हाय तं आता पूर्णच कापून टाका ना!"

"नाही ताई. तिले एक म्हटलं होतं. आज मी खोटी पडली तं उद्या ते माह्यावर भरोसा काहून ठेवन?"

मी मुलीला आजवर किती वेळा 'झालं, झालं, शेवटचं' म्हणून फसवलं होतं, ते मला एस.टी.त परत येताना एकेक आठवत राहिलं. औषध पाजताना, नखं काढताना, फोटो काढताना. तिचा माझ्यावर भरोसा नव्हता, आणि त्यात तिची चूक नव्हती.

दर खेपेला ठरवून तेवढ्याच बटा कापत पूर्ण केस कापायला आणखी तीन-साडेतीन महिने लागले. तोवर आपांच्या त्या खोलीत आणखी दोन आया यायला लागल्या होत्या. एकीचा मुलगा रात्र-रात्र झोपायचा नाही, दुसरीच्या नवऱ्यानं घर सोडलं होतं. आम्ही चहात टोस्ट बुडवून खात असू. कुणी रडली तर तिला रडू देत असू. हसूही खूप यायचं, कशाकशावरही. मशीनच्या तेलाचा वास, नव्या कापडाचा वास आणि 'तुमची पोर अशी का' असं कुणीच विचारत नव्हतं अशी ती दुपार. तेवढं निवांत मला नंतर कुठेच वाटलं नाही.

तीन वर्षांनी आपांचं कुटुंब हैदराबादला त्यांच्या भावाकडे गेलं. खोली दुसऱ्या भाडेकरूला गेली. मी अजून माहेरी गेले की त्या गल्लीतून मुद्दाम जाते.

मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे. मोजकेच शब्द बोलते. सणाच्या दिवसांत वडिलांसोबत झेंडूची फुलं निवडते आणि डागी फूल तिच्या नजरेतून सुटत नाही. महिन्यातल्या एका रविवारी आमच्या ओसरीवर चार-पाच आया जमतात, मोर्शीहून एक येते, वरूडहून एक. आपा जशा नुसत्या बसून राहायच्या तसं मला जमत नाही. मी फार बोलते, सल्ले देते. मागे फोनवर आपांना मोठ्या हौशीनं सगळं सांगत होते, तर पलीकडून त्या म्हणाल्या, "ताई, तुमीच बोलून राहिल्या तं त्या बिचाऱ्या कवा बोलतीन?"